हात न लावलेलं दूध

उत्कर्षाने दुधातली भेसळ तपासायचं ते यंत्र चार वर्षं खपून बनवलं होतं. दुधाची बाटली खाचेत ठेवली की झाकण उघडणं, ढवळणं, मोजून आम्ल घालणं, सगळं यंत्रच करायचं. बाटलीवर नाव नाही, फक्त आकडा. त्याआधी तिच्या धायरीतल्या प्रयोगशाळेत हे काम तिचे जुने मदतनीस ज्ञानदेव हातांनी करायचे, आणि तेव्हा दूधवाल्या समर्थचा एकही नमुना नापास झाला नव्हता. यंत्र आल्यापासून दोन महिन्यांत अकरा झाले.

मंगळवारी दुपारी समर्थ दोन माणसं घेऊन आत शिरला. तिघांच्याही हातात पहारी.

"मॅडम, बाजूला व्हा. तुमच्याशी भांडण न्हाई."

"कसं नाही? मीच बनवलंय ते." उत्कर्षा यंत्रासमोर उभी राहिली.

पहिला घाव काचेवर बसला. दुसरा अडवायला तिने हात घातला आणि मनगटाचं हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. ती कोसळली. एकाने बरगडीत लाथ घातली. मग दुसरी.

"समर्थशेठ!" ज्ञानदेव दारातून ओरडले. "नुसतं यंत्र फोडायचं ठरलं व्हतं! बाईला हात लावायचं न्हाई!"

उत्कर्षाने मान वळवली. दाराची कडी कुणी काढली, ते तिला कळलं.

समर्थने चिडून यंत्राच्या पोटात पहार खुपसली. आतली आम्लाची बाटली फुटली आणि सगळं त्याच्या तोंडावर उडालं. तो गुरासारखा ओरडला. त्याची माणसं पहारी टाकून पळाली.

"मरू द्या त्याला," ज्ञानदेव म्हणाले.

"काका, नळ सोडा. पूर्ण सोडा!"

धड असलेल्या हाताने तिने समर्थची कॉलर धरली आणि त्याला मोरीकडे ओढलं. आंधळ्यासारखा तो गुद्दे मारत होता. एक तिच्या ओठावर बसला, रक्त आलं. तिने त्याच्या पाठीवर गुडघा रोवला आणि त्याचं डोकं धारेखाली दाबून धरलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही.

त्याचा डावा डोळा गेला, उजवा वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला: बाईने माझ्यावर आम्ल फेकलं.

चौकीत फौजदार हाताला प्लॅस्टर घातलेल्या उत्कर्षाला तेच तेच विचारत होते. पळालेले दोघे सापडले नव्हते. बाहेर बाकावर बसलेले ज्ञानदेव उठून आत आले.

"सायेब, कडी मी काढली. समर्थशेठचं नमुनंबी मीच बदलत व्हतो, आठ वर्षं. बाटली त्याच्याच पहारीनं फुटली. ह्या बाईनं त्याला जगवलाय. लिहून घ्या."

"आठ वर्षांनी सुचलं," उत्कर्षा म्हणाली.

फौजदारांनी कोरा कागद पुढे ओढला. तिला ज्ञानदेवांचा इतका राग आला होता की त्यांच्यासमोर बसवेना. तरीही जबाब पुरा होऊन त्यांची सही होईपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.