घरच्यांना फोन लाव

माझ्या भाडेकरूला दिसत नाही. मनीष त्याचं नाव. अकोल्याकडचा आहे, हिंजवडीला कंपनीत जातो. इथं नांदे गावात आमच्या घरामागं भाड्यानं द्यायला खोल्या काढल्यात, त्यातल्या एकीत राहतो. खोली दाखवताना मी विचारलं होतं, कंपनीत काम काय करतोस. तो म्हणाला, फोनमधली ॲप न दिसणाऱ्या माणसाला वापरता येतात का ते तपासतो. मला वाटलं, चेष्टा करतोय.

मग मी त्याच्याजवळ जाऊन बसायला लागलो. रत्ना, माझी बायको, गेल्यापासून संध्याकाळी मला दुसरं काम नसतं. तो ओट्यावर बसून फोन चालवायचा आणि फोनची काच काळी असायची. उजेड मला लागत नाही तर बॅटरी कशाला जाळू, म्हणाला. काचेवर बोट फिरवलं की आतली बाई बोलायची, इतकी भरभर की मला एक शब्द कळेना. माझ्यासाठी त्यानं तिचा वेग कमी केला. मी रोज काहीतरी विचारायचो. नोट कितीची ते कसं कळतं, रिक्षा भलतीकडं वळली तर कसं कळतं. एकदा त्यानं किराणा मागवायचं एक ॲप उघडलं. बाई नुसतीच "बटण, बटण, बटण" म्हणत राहिली. ज्यानं ते केलं त्यानं बटणांना नावंच दिली नव्हती.

"अंधारात सारखेच डबे मांडलेत आणि त्यातून मीठ शोधायचंय, असं आहे हे काका," मनीष म्हणाला.

मला हे सगळं जाणून घ्यायचं होतं ते रत्नामुळं. साखरेनं शेवटी तिचे डोळे गेले होते. आमची मुलगी शुभांगी सूसला असते. तिच्या नवऱ्यानं, कैलासनं, रत्नाला एक फोन आणून दिला. नाव बोललं की आपोआप लागतो असा. मी तेव्हा ओढ्यापलीकडं रानात होतो. तो तिला शिकवून गेला. तेव्हापासून ती शुभांगीला दिवसातून कितीदा तरी फोन करायची. मला एकदाही नाही. औषधाची बाटली सापडली नाही तरी फोन सूसला, आणि मग शुभांगीचा मला, की बाबा, घरी जा.

मी समजत होतो, तिचा राग गेलेला नाही. रस्त्याकडेचं रान मी बिल्डरला दिलं ते तिला पटलं नव्हतं. डोळे गेले ते त्यानंतर. घरी आलो की बोलायची, जेवलात का विचारायची, पण फोन नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा रानाचा विषय निघाला असता. ती गेली आणि ते तसंच राहिलं. तिचा फोन कपाटात आहे. मी तो चार्ज करतो, रिचार्जही मारतो. शुभांगी म्हणते, कशाला? मी काही सांगत नाही.

मागच्या रविवारी मनीष म्हणाला की बोलून फोन लावायचं एक नवं ॲप त्यांच्याकडं तपासायला आलंय, मराठीतलं. गावातल्या वयस्कर माणसांनी ते वापरून बघावं असं त्याच्या मनात होतं. मी शेजारच्या गंगूवहिनीला हाक मारली. माझे चुलतभाऊ विठ्ठलराव, त्यांची ही बायको. आमच्या दोन घरांची मधली भिंत एकच आहे. चष्मा लावूनही तिला फोनवरचं वाचता येत नाही. ती सुपात शेंगा घेऊनच आली आणि फोडत बसली.

मनीषनं तिच्या घरातल्या सगळ्यांचे नंबर नावासकट त्यात घातले. मग फोन तिच्यापुढं धरून म्हणाला, समजा तुमच्या मिस्टरांना फोन करायचाय, तर काय म्हणाल?

वहिनीनं पदर सारखा केला. मग फोनला म्हणाली, "मालकांना लाव."

फोन म्हणाला, या नावाचा नंबर सापडला नाही. मग तिनं आमच्या ह्यांना लाव म्हणून बघितलं, घरच्यांना लाव म्हणून बघितलं. सापडला नाही. मनीष म्हणाला, नाव घ्या ना काकू, विठ्ठलराव म्हणा.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "भावजी, ह्याला कुणी काय शिकवलं न्हाई का? नवऱ्याचं नाव असं उघड्यावर घेत्यात व्हय?"

मला हसू आलं. एकदाच, कामापुरतं, असं मनीषनं विनवलं. तेव्हा ती म्हणाली, घ्यायचंच तर रीतीनं घेते, आणि लग्नात घेतात तसा उखाणा सुरू केला. नाव येतं उखाण्याच्या शेवटी. तिथवर ती पोचायच्या आधीच फोनचं ऐकणं संपलं आणि तो चांदीची भांडी कुठं मिळतात ते सांगायला लागला.

मनीष पोट धरून हसला. मग फोन खाली ठेवला. म्हणाला, "हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही. टीममधल्या सगळ्याजणी नवऱ्याला नावानंच हाक मारतात."

वहिनी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "रत्नी पण अशीच भांडायची. भितीपल्याडनं ऐकू यायचं मला. 'अगं बाई, घरच्यांना लाव. रानात हायेत त्यांना लाव.' मला वाटायचं, शुभांगीसंगं वाद घालतीया."

माझं हसणं थांबलं. "कवा?" मी विचारलं.

"रोजचंच की ते. तुमी रानात गेला का."

मी आत जाऊन तिचा फोन आणला. मनीषनं त्यातली बोलणारी बाई सुरू केली आणि बोट फिरवत नावांपर्यंत पोचला. कैलास. गंगूबाई. गेणबा. शुभांगी. कैलासनं माझं नुसतं नाव, गेणबा, घातलं होतं. त्याचं तरी काय चुकलं? शुभांगी त्याला आमच्यासमोरसुद्धा कैलास म्हणते.

"त्या तुम्हाला काय म्हणायच्या?" मनीषनं विचारलं.

मी सांगितलं, मला हाक मारताना अवं, आणि दुसऱ्यांपाशी घरचे.

त्यानं माझ्या नावाला ते दुसरं नाव जोडलं आणि फोन माझ्या हातात दिला. माझ्याच तोंडानं मला कसं बोलवायचं? मी तो वहिनीकडं दिला. तिनं हात पदराला पुसले. "रत्नीच्या घरच्यांना लागंल ना? न्हाईतर माझेच उठून यायचे," म्हणाली. मग फोन तोंडाशी धरला.

"घरच्यांना फोन लाव."

माझा खिसा वाजायला लागला. फोन काढला, त्यावर नाव आलं होतं, रत्ना. मी तो उचलला नाही, वाजू दिला. मनीषला आवाज ऐकू येत होता, तरी त्यानं विचारलं, "लागला का काका?"

"लागला," मी म्हणालो.

रानाचा राग तिला होता. ते मला माहीत आहे. पण ती फोन लावत होती.

मनीषला आता गावातल्या बायका नवऱ्याला काय काय म्हणतात ते सगळं हवंय. मी दारोदार विचारतो. आधी हसतात, मग सांगतात. गंगूवहिनी एकांतात विठ्ठलरावांना काय म्हणते ते मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही. 'घरचे' तेवढं मी सगळ्यात आधी सांगून ठेवलंय.