तिसरा गिअर

दादाच्या गाडीत शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स आहे. बाहेरून गाडी साधी, राखाडी, निवृत्त माणसाला शोभेल अशी. आतून ती सदैव कुणावर तरी चिडलेली असते. इतरांच्या गाड्यांत दोन गिअर भेटण्याआधी एक पितळी कडी त्यांचा वेग जुळवून देते, म्हणजे मध्यस्थ असतो. इथे मध्यस्थ काढून टाकलाय. जाडजूड दात थेट एकमेकांत घुसतात. या दातांना डॉग म्हणतात हे कळल्यापासून वहिनी गाडीला ‘तुमचं कुत्रं’ म्हणते.

नियम एकच. गिअर खाडकन टाकायचा. हळू टाकला की दातांच्या कडा घासून गोल होतात आणि मग गिअर धरून राहत नाही. हळुवार माणसाच्या हाती हे यंत्र टिकत नाही.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. हॉटेलात भलतंच ताट समोर आलं तरी मुकाट्याने संपवतो.

अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाचा उजवा हात लुळा आहे. “हात परत येऊ शकतो, पण खात्री देता येत नाही,” असं डॉक्टर म्हणाले. दादाने त्यातलं अर्धंच ऐकलं. “तोवर बॉक्स शाबूत ठेव,” त्याने मला सांगितलं. “बसवलाय मी, उघडीनही मीच.” दुसरं कोणी उघडायला तयारही नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने गाडीचा आवाज ऐकूनच शटर अर्धं खाली ओढलं होतं.

तेव्हापासून दादाला व्यायामाच्या दवाखान्यात मी नेतो. पहिल्या दिवशी नियमाप्रमाणे खाडकन गिअर टाकला. गाडीला हिसका बसला, आणि दादाचा लुळा हात मांडीवरून उडून डॅशबोर्डवर आपटला. दादाने डाव्या हाताने तो उचलला आणि पडलेली वस्तू जागेवर ठेवावी तसा मांडीवर ठेवला.

पुढचा गिअर मी हळूच टाकला.

“मऊ टाकतोयस.”

“छे.”

“हात गेलाय माझा, कान नाही.”

तरी मी मऊच टाकत राहिलो. मागच्या सीटवरून वहिनी म्हणायची, “चालवू द्या हो. निदान चहा पोटात राहतो.”

बॉक्सचं तेल वरचेवर बदलावं लागतं. मी गाडीखाली आडवा, दादा शेजारी स्टुलावर. तेल सोडायच्या बुचाला लोहचुंबक असतं; झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं.

“काय निघालं?”

“चिखल.”

“राखाडी चिखल चालतो. दाखव.”

दाखवावं लागलं. चिखलात कापलेल्या नखाएवढी चकाकती कपची होती. दादाने ती डाव्या अंगठ्याने चोळली. “तिसऱ्याची,” तो म्हणाला, नातेवाईक ओळखावा तसा. मग ती माझ्या तळहातावर परत ठेवत, “माझा हात उडतो म्हणून हळू टाकतोस ना?”

मी बूच पुसत बसलो.

“बांध तो हात. पण गिअर नीट टाक.”

वहिनीने आपल्या ओढणीने हात सीटबेल्टला बांधला. मी खाडकन गिअर टाकू लागलो. पण गोल झालेल्या कडांना माझा पश्चात्ताप कळण्याची सोय नव्हती. चढावर तिसरा टाकला, आणि तो सुटला. इंजिन किंचाळलं, गाडी रेंगाळली, मागचे भोंगे सुरू झाले. परत टाकला. परत सुटला.

“मालकाला बांधलं, कुत्रं सुटलं,” वहिनी म्हणाली. कुणी हसलं नाही, तीही नाही.

“दादा, दोन्ही हात स्टिअरिंगला लागतायत. मी गिअर धरून ठेवू शकत नाही.”

दादाने डाव्या हाताने ओढणी सोडली. लुळा हात उचलून गिअरच्या दांड्यामागे टेकवला आणि खांद्याने त्यावर रेलला. “टाक.”

“त्यात जोर कुठाय?”

“वजन आहे ना. टाक तू.”

तिसरा टिकला. दांडा थरथरत होता, आणि त्याला लागून दादाची बोटंही. वर पोचेपर्यंत आम्ही तिघंही त्या बोटांकडे बघत नव्हतो.

दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “हातात काही हालचाल?”

“येताना हलत होता,” दादा म्हणाला.

बाई खुलल्या. “अरे वा. स्वतःहून?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. वहिनी ओढणीची घडी घालू लागली. मी गाडी नीट लावली आहे का ते बघून येतो म्हणालो आणि उठलो.