फणसाची हर्डी-गर्डी

खांदा आखडला आणि हेमलताबाईंना व्हायोलिनचा गज पेलवेनासा झाला. सौदीतल्या दम्मामच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवून त्या नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. अशात त्यांना हर्डी-गर्डी नावाच्या युरोपातल्या वाद्याचे नकाशे मिळाले. हे मांडीवर ठेवायचं. मूठ फिरवली की आतलं चाक तारांवर घासत राहतं, डाव्या हातानं पट्ट्या दाबायच्या. खांद्याला काहीच काम नाही!

नकाशे घेऊन त्या गफूरभाईंच्या सुतारखान्यात गेल्या. दापोलीकडचे गफूरभाई इथे कपाटं आणि दारं बनवायचे. वाद्य त्यांनी कधी केलं नव्हतं, पण कागदावरून त्यांची नजर हटेना.

“ताई, बाजूंना मेपलचं लाकूड लिहिलंय. तेही आहे इथे. पण माझ्याकडे गावाहून आणलेली फणसाची फळी आहे, आठ वर्षं वाळलेली.”

त्यांनी दोन्ही फळ्यांवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. मेपल नुसतं ठक्क झालं. फणस खणखणला.

“फणसच,” हेमलताबाई लगेच म्हणाल्या.

वरच्या तबलीसाठी, म्हणजे सूर घुमवणाऱ्या पातळ फळीसाठी, जुन्या बाजारातून मोडका पियानो आणला. त्याच्या पाठीची स्प्रूस लाकडाची फळी हलकी होती, रेषा सरळ होत्या.

अडलं ते चाकावर. गफूरभाईंनी मोठ्या हौसेनं एकसंध सागाचं चाक केलं. बाहेर समुद्राची दमट हवा, घरात एसी. आठवड्यात चाक वेडंवाकडं झालं. एका फेऱ्यात ते दोनदा तारेपासून सुटायचं. हेमलताबाईंनी मोजलं, अर्ध्या मिलिमीटरचा फरक!

गफूरभाईंचा चेहरा पडला. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनीच फोन केला. “बर्चचं प्लाय घेऊ. त्याचे थर आडवेउभे असतात, एकमेकांना हलू देणार नाहीत. कडेला मेपलची पातळ पट्टी. आणि चाक त्याच्याच आसावर बसवून, फिरवत फिरवत तासायचं.”

“अगदी बरोबर! मग केंद्र चुकायचा प्रश्नच नाही,” गणिताच्या बाई खूश झाल्या.

आसासाठी त्यांनी चकचकीत बॉल बेअरिंग आणली होती. गफूरभाईंनी एक कानाशी धरून फिरवली. “ऐका, कशी खरखरते. गाण्याबरोबर हीपण वाजेल.”

ती बाजूला ठेवून त्यांनी शेजारच्या शादाबकडून लेथवर गनमेटल धातूचे दोन साधे बुश, म्हणजे आस बसवायच्या गुळगुळीत नळ्या, करून घेतले. त्यांत आस पाण्यासारखा फिरला. खुंट्या शिसवीच्या, आणि मूठ हेमलताबाईंच्या तळव्याच्या मापाची.

शुक्रवारी दुपारी तारा चढल्या. चाकाच्या कडेला राळ लावून हेमलताबाईंनी मूठ फिरवली, आणि अशी किंकाळी निघाली की शादाब लेथ बंद करून धावत आला.

“कुणाला लागलं?”

दोघांना हसू आवरेना. तार चाकाला टेकते तिथे कापूस गुंडाळायचा राहिला होता. शादाबनंच औषधांच्या पेटीतला कापूस आणला, हेमलताबाईंनी तो विरळ करून एकेका तारेवर फिरवला.

पुन्हा मूठ फिरली. या वेळी भरदार, न तुटणारा सूर सुतारखान्यात पसरला. हेमलताबाईंनी भूप रागाच्या चार जागा चाचपडत घेतल्या, दोन चुकल्या, तरी थांबल्या नाहीत.

गफूरभाईंनी घाईघाईनं दापोलीला बायकोला फोन लावला.

“शबनम, काही बोलू नकोस. आपला फणस गातोय, ऐक.”