उघड्या दाराचा अर्थ

सालेकशाकडच्या त्या गावात मयत झालं की घरात पोथी लागायची. हिरालाल ओव्या वाचायचा आणि केवलराम गावच्या बोलीत त्यांचा अर्थ सांगायचा. त्याच्याआधी त्याचा बाप सांगायचा. पोथी तीच, पण अर्थ निघतो तो सांगणाऱ्याच्या तोंडातून, आणि तोंडाचं काय, भरल्या पोटी त्याला एक सुचतं, उपाशीपोटी दुसरंच. या खेपेला मयत केवलरामच्याच घरचं होतं. बायको, पुष्पाबाई, गेली आणि त्याला रडू म्हणून आलं नाही. लोक येऊन बसत होते, मोबाईलवर धानाचा भाव पाहत होते, हा मान हलवत होता आणि अंगात कुठेच काही दुखत नव्हतं. त्याला फक्त ती परत हवी होती.

गेलेल्याच्या नावानं दार उघडं ठेवावं, अशी ओवी आली. बाप सांगायचा, जीवाला बाहेर पडायला वाट लागते म्हणून. केवलरामनं उंबऱ्याकडे पाहिलं आणि सावकाश सांगितलं, "दार उघडं ठेवा, म्हंजे गेलेलं मानूस घरी येईल."

हिरालालनं चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पान उलटलं. शेजारचा कवडू, गोंडाच्या घरचा म्हातारा, निघताना जवळ येऊन थांबला.

"आमच्या घरीबी गेलेल्याले वापस आनतो," तो म्हणाला. "पन पयले इचारतो, कोन येऊन राहिलं म्हून. तू इचारलं का?"

केवलरामनं काहीच विचारलं नव्हतं. दार मात्र त्यानं लावलं नाही.

सकाळी सून खुशबू परसात भांडी घासत होती. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"मामाजी, आत्याबाई चुलीपाशी बसल्या हायेत," ती रोजच्याच आवाजात म्हणाली. "भात मांगला, मी वाढला."

केवलरामच्या छातीत इतक्या दिवसांनी काहीतरी हललं. सुख झालं त्याला, सरळसरळ सुखच. तो लगबगीनं उठला.

"पन मामाजी, त्या माहं नाव कायले इचारून राहिल्या?"

तो दारातच थांबला. आत कुणीतरी वाटी चाटूनपुसून खात होतं.

"सांगितलं तू?"

"हो," खुशबू म्हणाली. "सगळ्यायचं सांगितलं. तुमचंबी."