चूक कोणाची?

इंडियानातल्या त्या छोट्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉलची नोंदवही बावीस वर्षं ओपलबाईंकडे होती. सामना बरोबरीत, चाळीस सेकंद उरलेले, आणि मैदानात उतरायला आलेल्या कॉलेजच्या रोवेनाच्या पाठीवर १४. वहीत मात्र तिच्या नावापुढे ४१!

"आता आकडा बदललात तर आम्हाला दंडाचे फ्री थ्रो मिळायला हवेत!" पाहुण्यांचा प्रशिक्षक गरजला.

"अहो, थांबा की जरा," पंच म्हणाला. "यांच्या प्रशिक्षकाने खेळाडूंच्या नंबरांची यादीच चुकीची दिली असेल तर दंड. ती उतरवताना बाई चुकल्या असतील तर दंड नाही. यादी कुठाय, ओपलबाई?"

बाई पर्स उपसू लागल्या. आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून दर सामन्याआधी प्रार्थना करणारी ही बाई आज मनात म्हणत होती, "देवा, चूक माझीच निघू दे रे."

कागद सापडला. प्रशिक्षक वर्नच्या अक्षरात स्वच्छ १४.

"माझीच चूक!" बाई इतक्या आनंदाने ओरडल्या की पंचालाही हसू फुटलं. "अगं पोरी, बघतेस काय? जा, खेळ!"

"मावशी, आता चष्मा बदलाच," वर्न म्हणाला.

"बदलते रे बाबा," म्हणत बाईंनी ४१ खोडलं. छातीवरचा धोंडा उतरला होता.