मोठीची फुलं

माधवी ही अनुपमची दुसरी बायको. पहिली ईशानी. ती तापाचं निमित्त होऊन गेली, आणि गेली म्हणजे भिंतीवर जाऊन बसली. कर्जतच्या त्या फ्लॅटमध्ये तिचा फोटो अशा जागी लावलेला की येणाऱ्याने आधी तिला पाहावं, मग बाकीच्यांना. सासूबाई द्वारकाबाई तिला 'मोठी' म्हणत आणि माधवीला 'धाकटी'. पूर्वी दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधायचे, मेलेल्या बाईची चांदीची प्रतिमा. द्वारकाबाई पडल्या शिकलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी टाक बांधला नाही. फुलदाणी दिली.

"मोठीपुढे सुकलेलं फूल दिसता कामा नये," एवढंच म्हणाल्या.

माधवी शिकली. निशिगंधाचे दांडे पाण्यात धरून तिरपे कापायचे, बुडणारी पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं, त्यात चिमूटभर साखर आणि थोडं लिंबू. फुलदाणी पंख्याखाली नको, पिकल्या केळ्यांजवळ तर नकोच नको. खिडकीतल्या मोठीच्या कुंड्याही हिच्याच गळ्यात. त्यांची पानं ओल्या फडक्याने पुसायची, बोट खुपसून माती बघायची, मगच पाणी. हाताला गुण होता पोरीच्या. इतरांकडे फुलं लगेच माना टाकत, हिची ताठ उभी. शेजारणी कौतुक करू लागल्या की द्वारकाबाई म्हणत, "आमच्या मोठीला फुलांची भारी हौस हो!" राबायचं एकीने आणि नाव दुसरीचं. आपली सवत आपणच ताजी ठेवतोय हे माधवीला कळत होतं, आणि कळून अंगाचा तिळपापड होत होता. पण सांगणार कुणाला? अनुपम मोबाइलमधून मान वर काढील तर शपथ.

तिला दिवस गेले. नववा लागला तेव्हा कुंभिवलीहून तिचा भाऊ हिरामण आला. आई दोघांचीही कधीच गेलेली. त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी तिच्या हातात दिली.

"आयची अबोली हाय गं. रस्ता रुंद केला नि आपलं आंगण गेलं त्यात. येवडीच हाती लागली बग. लाव कुटंतरी."

माधवीने सासूकडे एक कुंडी मागितली. "खिडकीत मोठीची झाडं आहेत. जागा कुठाय?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या. मग माधवीने ती फांदी फुलदाणीतच, निशिगंधाच्या मागे दडवून खोचली. रोज पाणी बदलताना ती काचेतून देठाकडे निरखून बघायची. मूळ फुटलं तर आईचं काहीतरी या घरात राहणार होतं. मुलगी झाली तर अबोलीच म्हणायचं, तिने मनाशी पक्कं केलं. अनुपमला सांगितलं तर तो म्हणाला, "बघू."

मुलगीच झाली. माहेरी आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच. दवाखान्यातून बाळाला घेऊन माधवी दारात आली आणि बघतच राहिली. फुलदाणीत निशिगंध नव्हता, एकटी अबोली होती, खाली पांढरी मुळं सुटलेली. काचेला हळदकुंकू लावलेलं.

द्वारकाबाईंचे डोळे भरले होते. "मोठीपुढच्या फांदीला मुळं फुटली, धाकटे. पोर झाल्याचा फोन आला आणि मी पाहिलं."

"आई, ती माझ्या आईची अबोली आहे. हिरामणदादाने आणलेली."

"आणली असेल. मूळ कुणाच्या पाण्यात धरलं?"

"पाणी मीच बदलत होते!" माधवी पहिल्यांदाच उलट बोलली.

"बदलत होतीस ना? कुणासाठी?"

माधवीने अनुपमकडे पाहिलं. तो पिशव्या आत नेत होता.

बारशाला शेलूहून नणंद निवेदिता आली. आत्या म्हणून पाळण्यात वाकली, बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिने बाळाच्या कानात सांगून मोठ्याने नाव उच्चारलं, "ईशानी!" बर्फीच्या डब्यांवरही तेच छापलेलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, बाळाची आई सोडून. "अगं, चांगलं नाव आहे की," अनुपम म्हणाला आणि बर्फी वाटायला गेला.

पाहुणे गेल्यावर द्वारकाबाईंनी स्टुलावर चढून फोटो उतरवला. "जित्या माणसाच्या फोटोला फुलं वाहू नयेत," असं म्हणत तो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. भिंत मोकळी झाली. किती दिवस माधवीने ही भिंत मोकळी बघायची आस धरली होती! अबोलीलाही खिडकीत कुंडी मिळाली, मोठीच्या झाडांच्या ओळीत.

मग द्वारकाबाईंनी पाळण्यातून बाळ उचललं आणि माधवीच्या मांडीवर ठेवलं.

"घे तुझी मोठी. जप हो तिला. कोमेजू न देण्यात तुझा हात कोण धरणार?"

बाळ भुकेने रडायला लागलं. माधवीने पदर सावरला आणि सवतीला पाजायला घेतलं.