सुजितचा भाव साडेसहा

दिवाळी झाली की आमच्या ग्रुपवर माझ्या यादीची वाट बघतात. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, गाड्यांच्या सीटचे सांगाडे तपासतो. पण मला ओळखतात ते यादीवाला प्रभाकर म्हणून. जानेवारीत आसपासच्या कंपन्यांची टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असते. त्याआधी कोणती कंपनी कोणाला ठेवतेय, कोणाला सोडतेय, कोणाला पळवतेय, हे मी कसलीही भीडभाड न ठेवता लिहितो. ‘तो उंच बोलर त्यांनी सोडला हे बरं केलं, त्याचा रनअप आकुर्डी स्टेशनपासून सुरू व्हायचा.’ असं.

यादीत प्रत्येकाच्या नावापुढे भाव असतो. तो पैशांचा नाही, खेळातला. ग्रुपवरच्या दीडशे जणांना प्रत्येकी साठ गुण मिळतात आणि तेवढ्यात बसतील असे अकरा खेळाडू निवडून ज्याने त्याने आपला कागदी संघ करायचा. खरे खेळाडू मैदानात जे करतील ते कागदी संघाच्या खात्यात. जिंकणाऱ्याला बाकी काही नाही, वर्षभर टोमणे मारायचा हक्क मिळतो. भाव मी ठरवतो, कारण बारा वर्षं स्कोअरबुक माझ्याकडे आहे आणि माझ्या नजरेवर आजवर कोणी शंका घेतलेली नाही. मी घेऊ दिलेली नाही, असं म्हणा.

सुजित आमचा विकेटकीपर. औशाकडचा. पाच वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला खेळाडू म्हणून आणलं. म्हणजे कागदावर वेल्डिंग लाइनचा ऑपरेटर, सात महिन्यांचं कंत्राट, मग ब्रेक, मग पुन्हा कंत्राट, आणि तेही संघात जागा आहे तोवर. असे सहा जण आहेत. त्यातल्या एकाला दर वर्षी कायम करतात, पण वय तिशीच्या आत हवं. सुजितला मार्चमध्ये तीस वर्षं पूर्ण होणार होती आणि यंदा पाळी त्याचीच होती. हे मला चांगलं माहीत होतं.

दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. त्याची बायको विजयश्री शेंगदाण्याची चटणी जास्तीची द्यायची, माझ्या वाट्याची. मैदानात मी स्कोअरबुक घेऊन बसलो की त्याचे ग्लोव्हज माझ्या पायाशी असायचे. मला स्वतःला कधी धड कॅच घेता आला नाही. त्यानं घेतला की मला वाटायचं, आपणच घेतला.

आता जे लिहितो त्याची लाज वाटते. सुजितचा खरा भाव होता अकरा, सगळ्यांत वरचा. आमच्याच ओपनर गणराजचा साडेदहा. दोघांना घेतलं की माझ्या कागदी संघात बाकीचे नऊ जण नुसती खोगीरभरती. गेली दोन वर्षं मी हरत होतो. सुजितशिवाय संघ करायचा माझा जीव होईना, आणि जिंकायचं तर होतंच. मागच्या मोसमात शेवटच्या दोन सामन्यांत त्याचा अंगठा दुखावला होता, तीन कॅच सुटले होते. तेवढं निमित्त मला पुरलं. त्याच्या नावापुढे मी साडेसहा लिहिलं आणि शेजारी एक ओळ, ‘हात जड झालाय, यंदा जपून घ्या.’ माझ्या शब्दावर बाकीच्यांनी त्याला घेतलं नाही. मी घेतलं.

त्याच आठवड्यात केयूरचा फोन आला. हा आमच्या एचआरचा नवा मॅनेजर, राहायला वाकडला, आल्या आल्या ग्रुपवर शिरलेला.

“प्रभाकर सर, यंदा सहातले चारच प्लेयर ठेवायचेत,” तो म्हणाला. “तुमची फाइल पाठवाल का? मला शिफारशींवर नाही, आकड्यांवर ठरवायचंय.”

बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी साहेब माझ्या आकड्यांना आकडे म्हणाला. मी हरखून गेलो. फाइल पाठवली आणि वर लिहिलं, ‘आपला आकडा चुकत नाही.’ साडेसहा त्यात तसंच होतं. दुरुस्त करायचं विसरलो, असं नंतर मी घरी सांगितलं. विसरलो नव्हतो. साहेबाच्या फाइलीत एक आणि ग्रुपवर दुसरंच, हे बाहेर आलं असतं तर माझी छीथू झाली असती. आणि सुजितला कोण काढतंय, असा माझा माज.

शुक्रवारी कँटीनबाहेर यादी लागली. सोडलेल्या दोघांत सुजित होता. त्याच्या जागी भोसरीच्या एका कंपनीचा कीपर आणला होता. त्याला मीच नऊ दिले होते.

मी तसाच केयूरकडे गेलो. म्हणालो, “सुजितचा आकडा जरा कमी पडलाय. अंगठ्यामुळे. अंगठा आता बरा आहे.”

“पण तुम्हीच लिहिलंय ना सर, हात जड झालाय म्हणून? आणि त्याला मी विचारलं होतं, काही सांगायचंय का. तो नाही म्हणाला. लिस्ट वरून सही होऊन आली आता.”

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. माझा संघ बसावा म्हणून मी भाव पाडला, एवढंच वाक्य. ते माझ्या तोंडून निघालं नाही. खाली मान घालून मी लाइनवर परत आलो आणि संध्याकाळपर्यंत सांगाडे मोजत राहिलो.

रविवारी दुपारी महाळुंग्याला त्याच्या खोलीवर गेलो. दारात बांधलेली पोती होती. विजयश्रीनं मला बघून चहाचं आधण ठेवलं.

“आवरायलो, भाऊ,” सुजित म्हणाला. “गावाकडं आयटीआयच्या सरांनी बोलावलंय. बघू.”

“तू केयूरला काहीच का बोलला नाहीस?”

“काय बोलणार? यादीत साडेसहा बघितलं तवाच कळलं, आपलं संपलं. बाकी कुणी लिहिलं असतं तर मी भांडलो असतो. तुमची नजर चुकत न्हाई.” तो हसला. “भोसरीवाल्यांनी पण इचारलं होतं, त्यांचा कीपर इकडं आला म्हणून. मीच नको म्हणालो. हात जड झालेला माणूस त्यांच्या गळ्यात कशाला मारायचा? त्यांनी कालच दुसरा घेतला.”

मी पोत्यावरच बसलो आणि सगळं सांगितलं. गणराजचं, साठ गुणांचं, त्या एका ओळीचं. तो ऐकत होता. उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं चोळत होता.

“मंग खरा किती होतो मी?” त्यानं विचारलं.

“अकरा.”

“अकरा,” तो म्हणाला. मग आत वळून बायकोला म्हणाला, “ऐकलंस का? अकरा होतो मी.”



“आणि तुमच्या संघात हाय मी अजून?” त्यानं मला विचारलं.

“आहेस.”

“काढा मला,” सुजित म्हणाला.

विजयश्रीनं गॅस बंद केला आणि आधण तसंच मोरीत ओतून दिलं. मी उठलो, चपला घातल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागलो.